ताडपत्रीखालची गंजी आणि सैन्यातलं एआय

बऱ्याच जणांना वाटतं की सैन्यातलं एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) म्हणजे स्वतःहून गोळ्या झाडणारे ड्रोन, आणि भारत त्यात अजून उतरलेलाच नाही. दोन्ही पटत नाही. संरक्षण मंत्रालयाने २०१९ मध्येच यासाठी परिषद आणि वेगळी यंत्रणा उभी केली. जुलै २०२२ मध्ये एआयवर चालणारी ७५ उत्पादनं जाहीर झाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा २०१७ चा एआय प्रकल्प, प्रोजेक्ट मेव्हन, हासुद्धा गोळ्या झाडण्यापासून नव्हे, ड्रोनच्या चित्रीकरणातल्या वस्तू ओळखण्यापासूनच सुरू झाला.

पण यंत्राला ओळखायला शिकवतं कोण, हे सहसा कुणी विचारतच नाही. माझा भाचा परभणीत घरी बसून असंच काम करतो, सैन्याचं नव्हे, एका खासगी कंपनीचं. वरून घेतलेल्या फोटोत प्रत्येक वाहनाभोवती चौकट आखायची, नाव द्यायचं, की पुढचा फोटो. अशा फोटोंवरूनच यंत्र शिकतं. एका फोटोत बांधालगत ताडपत्री टाकलेली कडब्याची लांबट गंजी होती. आधीच्या कुणीतरी तिला 'ट्रक' करून ठेवलेलं. आपल्याकडच्या माणसाला ती लगेच कळते, ज्याने कडबा पाहिलाच नाही त्याला कशी कळणार? सीमेवर अशाच चौकटीवर तोफ रोखली जाऊ शकते. म्हणून "शेवटचं बटण माणूसच दाबणार" एवढ्याने माझं समाधान होत नाही. पडद्यावर आधीच 'ट्रक' लिहिलेलं आणि हातात काही सेकंद, तर जवान नाही कसं म्हणेल? आमच्या गावोगावची पोरं भरतीसाठी पहाटे पळतात, उद्या त्या पडद्यासमोर तीच बसतील. यंत्राचं म्हणणं खोडायचं प्रशिक्षण आणि तसा लेखी अधिकार त्यांना मिळायलाच हवा.