शब्दचर्चा : 'डिफरेन्शियल ताकद पाठवतं' हे वाक्य बरोबर आहे का?

चर्चाप्रस्ताव

गाड्यांवरच्या मराठी लेखनात एक वाक्य वारंवार वाचायला मिळतं : 'एक चाक चिखलात घसरायला लागलं की डिफरेन्शियल सगळी ताकद त्याच चाकाकडे पाठवतं.' डिफरेन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांना देऊन त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. इथे ताकद म्हणजे टॉर्क की पॉवर? शिवाय एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल), डिफ-लॉक (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी सोय) आणि टॉर्सेन (डिफरेन्शियलचा एक प्रकार) हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते समानार्थी आहेत का?

प्रतिसाद

समानार्थी अजिबात नाहीत, पण आधी 'ताकद' बघू. फोर्स, टॉर्क, पॉवर या तिन्हींना आपण ताकदच म्हणतो आणि एरवी त्यावाचून काही अडत नाही. डिफरेन्शियलपाशी मात्र टॉर्क आणि पॉवर यांचे हिशेब वेगळे होतात, म्हणून तिथे हा शब्द टाळावा. टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर, मी त्याला 'पीळ' म्हणतो.

साध्या, म्हणजे ओपन डिफरेन्शियलचं मूळ काम फेऱ्यांचं आहे. डाव्या-उजव्या चाकांत १.५ मीटर अंतर असेल, तर एक पूर्ण गोल फिरताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं, मग गोल लहान असो की मोठा. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असती तर एक टायर फरफटला असता. म्हणून क्राऊन व्हील, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणारं मोठं गिअर, याच्यासोबत फिरणाऱ्या पिंजऱ्यात लहान बेव्हल (शंकूच्या आकाराचे) गिअर बसवतात. गाडी सरळ जाताना ते स्वतःभोवती फिरत नाहीत, वळताना फिरतात. एका चाकाचे जितके फेरे कमी होतील तितके दुसऱ्याचे वाढतात, आणि दोघांची सरासरी नेहमी क्राऊनच्या फेऱ्यांइतकी राहते. नाव फरकाचं असलं तरी हे यंत्र बेरीज सांभाळतं. एक चाक जागच्या जागी थांबलं तर दुसरं क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरतं ते यामुळेच.

आता पीळ. तो लहान गिअर दोन्ही बाजूंना सारखाच रेटा देतो, तराजूच्या दांडीसारखा. एका बाजूने विरोध झाला नाही तर दुसऱ्या बाजूलाही रेटा देता येत नाही. समजा, चिखलातलं चाक ५० न्यूटन-मीटरला घसरतं आणि कोरड्या जमिनीवरचं ६०० पेलू शकतं. आतलं किरकोळ घर्षण सोडलं, तर दोघांना ५०-५०च मिळतात. एकूण १००, इंजिन कितीही मोठं असलं तरी. म्हणजे पीळ घसरणाऱ्या चाकाकडे 'गेला' नाही, तो कुठे निर्माणच होऊ शकला नाही.

पॉवरचं उत्तर मात्र वेगळं येतं. पॉवर म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग. कोरड्या जमिनीवरचं चाक थांबलेलं आहे, त्याचा वेग शून्य, म्हणून पॉवरही शून्य. चाकांपर्यंत पोचलेली सगळी पॉवर भिरभिरणाऱ्या चाकात खर्च होते. तेव्हा पॉवरच्या अर्थाने ते वाक्य खरं, टॉर्कच्या अर्थाने खोटं, आणि 'पाठवतं' हे क्रियापद दोन्हीकडे गैर, कारण डिफरेन्शियल काही निवडत नाही. मी असं लिहीन : 'कमी पकडीचं चाक दोन्ही चाकांच्या पिळाची मर्यादा ठरवतं.'

प्रतिसाद

पटलं. पण मग डिफ-लॉक लावल्यावर 'दोन्ही चाकांना निम्मी-निम्मी ताकद मिळते' असं सगळे म्हणतात, त्याचं काय?

प्रतिसाद

ते तर नेमकं उलटं आहे, आणि या चर्चेतली सर्वांत रुजलेली चूक हीच आहे. पीळ निम्मा-निम्मा होतो तो ओपनमध्ये. लॉकमध्ये समान होतात ते फेरे. दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरावंच लागतं आणि पीळ ज्याच्या पकडीत जितका मावेल तितका वाटला जातो. वरच्याच उदाहरणात ५० अधिक ६००, म्हणजे ६५० पर्यंत. किंमत वळताना मोजावी लागते : कडक रस्त्यावर टायर घासतात, गाडी वळायला विरोध करते, दांड्यांवर ताण येतो. म्हणूनच ट्रॅक्टरला डिफ-लॉक असतो, पण तो लावून वळू नका असंही बजावलेलं असतं.

एलएसडी या दोन टोकांच्या मधली. प्लेट असलेल्या प्रकारात क्लचसारख्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात. दोन चाकांचे फेरे वेगळे व्हायला लागले की चकत्यांचं घर्षण जलद चाकाकडचा काही पीळ मंद चाकाकडे वळवतं. व्हिस्कस प्रकारात तेच काम सिलिकॉनचं घट्ट द्रव करतं, पण फेऱ्यांत फरक पडल्यावरच, त्यामुळे ते जरा उशिरा जागं होतं.

टॉर्सेन हे नाव टॉर्क सेन्सिंग यावरून आलं. त्यात चकत्या नसतात. वर्म गिअरसारख्या तिरप्या दात्यांच्या गिअरचं घर्षण वापरलेलं असतं, आणि ते चाक घसरायची वाट न पाहता पिळाच्या ओझ्यासोबतच वाढतं. त्याला एक गुणोत्तर असतं. ते ३ असेल तर कमी पकडीचं चाक जितकं पेलेल त्याच्या तिपटीपर्यंत दुसऱ्याला देता येतं. आपल्या आकड्यांत ५० आणि १५०, मिळून २००. ओपनच्या दुप्पट, तरी लॉकच्या बरंच खाली.

प्रतिसाद

म्हणजे एक चाक हवेत उचललं गेलं, तर टॉर्सेनचा उपयोग किती?

प्रतिसाद

जवळजवळ नाही. शून्याची तिप्पट शून्यच. प्लेटवाल्या एलएसडीत चकत्या आधीच स्प्रिंगने दाबलेल्या असतील तर तिथेही थोडा पीळ मिळतो. टॉर्सेनवाल्याने अशा वेळी ब्रेक हलका दाबावा. हवेतल्या चाकाला विरोध मिळतो आणि त्याच्या तिप्पट पीळ जमिनीवरच्या चाकाला. ब्रेक दोन्ही चाकांना लागतो, तरी हिशेब फायद्याचा राहतो. आजच्या अनेक गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल हीच युक्ती ओपन डिफरेन्शियलवर करतं, फक्त घसरणाऱ्या चाकापुरता ब्रेक लावून. त्याला काही माहितीपत्रकं 'इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल लॉक' म्हणतात. तिथे 'लॉक' हा शब्द खटकतो, कारण दोन चाकं एकमेकांना जखडली जात नाहीत. शिवाय सतत वापरलं तर ब्रेक तापतात.

आणखी एक. एलएसडीचं भाषांतर 'घसरण मर्यादित करणारं' असं करू नये. त्या नावातली स्लिप रस्त्यावरच्या टायरची नाही, दोन चाकांच्या फेऱ्यांतल्या फरकाची आहे. कोणतंही डिफरेन्शियल टायरची पकड वाढवत नाही, असलेली पकड कितपत कामी येईल एवढंच ठरवतं. बर्फावर मागच्या चाकांना एलएसडी असलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर जास्त दाबला, तर दोन्ही चाकं एकदम घसरू शकतात आणि मागचा भाग बाजूला सरकतो. ओपनमध्ये बहुधा एकच चाक भिरभिरतं आणि दुसरं गाडीला रेषेत धरून ठेवतं. 'फरक-मर्यादक' हा शब्द ओबडधोबड आहे, पण अर्थ बरोबर सांगतो.