गरोदरपणात गुठळीचं इंजेक्शन घरी द्यायचं आहे

रावेर_तालुका: वहिनींना २८वा आठवडा चालू आहे, वजन ६४ किलो. मागच्या बाळंतपणानंतर डाव्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून इनॉक्सापॅरिन (गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन) ४० मि.ग्रॅ. रोज एक, असं लिहून दिलंय. टोचायचं मलाच आहे. सिरिंजमधला बुडबुडा काढायचा का? बाळाला इजा नाही ना होणार? मे महिन्याच्या उन्हात, लाइट नसताना, ठेवायचं कुठे? गोळीवर भागणार नाही का?

सिस्टर_भुसावळ: बुडबुडा काढू नका, काढताना औषधही सांडतं. बेंबीपासून चार बोटं सोडून, कुशीकडची कातडी चिमटीत धरा. सुई सरळ उभी, पूर्ण आत. औषध हळूहळू सोडा आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडू नका. नंतर चोळायचं अजिबात नाही. चोळल्याने काळंनिळं जास्त पडतं. आज डावी बाजू, तर उद्या उजवी. पुढे पोट ताणलं आणि चिमटीत येईना, तर मांडीची बाहेरची बाजू चालते, पण आधी सिस्टरकडून एकदा दाखवून घ्या. सुई अर्ध्या इंचाची, चरबीतच राहते. बाळापर्यंत जात नाही.

केमिस्ट_जळगाव: बहुतेक पाकिटांवर २५ अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. आपल्याकडे पारा ४४ वर जातो, तेव्हा महिन्याचा साठा घरी नेऊच नका. एसी असलेल्या दुकानात ठेवायला सांगा, तीन-चार दिवसांचाच न्या. मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवून बाजारहाट करू नका. बर्फाला चिकटवूनही नको, गोठलेलं औषध फेकावंच लागतं.

डॉक्टर_प्रसूती: रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचते, हे इंजेक्शन पोचत नाही. म्हणून गोळी नको. एखादा डोस चुकला तर आठवल्यावर द्या, पण पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नका. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

रावेर_तालुका: आणि कळा सुरू झाल्या तर?

डॉक्टर_प्रसूती: कळा किंवा पाणी जाणं सुरू झालं की पुढचं इंजेक्शन थांबवा आणि निघा. शेवटचं किती वाजता दिलं ते कागदावर लिहून न्या. या डोसनंतर १२ तास झाल्याशिवाय मणक्यात भूल देत नाहीत, तिथे रक्त साचून पाय लुळे पडू शकतात. बाळंतपणानंतर ते पुन्हा कधी सुरू करायचं हे तिथले डॉक्टर सांगतील. साधारण ६ आठवडे चालतं, अंगावर पाजायला हरकत नाही. एकच पाय सुजला, पोटरी दुखली तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला, छातीत दुखलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.