कराची १९७१: ओसा बोटी इतक्या लांब नेल्या कशा?

खलाशी_७१:
भारतीय नौदलाच्या ओसा वर्गाच्या छोट्या क्षेपणास्त्र बोटी मुळात किनारा राखायच्या. मग ४ डिसेंबरला थेट कराचीवर कशा गेल्या? आणि हल्ला रात्रीच का?

डोलकाठी:
खरी अडचण इंधनाची. पूर्ण वेगात तेल भराभर संपतं, म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना ओढत न्यायचा सराव आधीच करून ठेवला होता. निपात, निर्घात, वीर या तीन बोटी आणि सोबतीला किल्तान, कच्छल ही पाणबुडीविरोधी जहाजं. प्रत्येक बोटीवर चार पी-१५ क्षेपणास्त्रं, पल्ला साधारण ४० किमी. बोट चिमुकली, पण रडार दमदार. रात्र अशासाठी की अंधारात जहाज हुडकून मारायची सोय पाकिस्तानी हवाई दलाकडे जवळजवळ नव्हतीच. निर्घातनं दोन क्षेपणास्त्रांत 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली, आणि खैबरवाल्यांना हा विमानहल्ला वाटला!

गलबत:
कराचीच्या तेलटाक्या पेटवल्याचं श्रेय मात्र एकट्या नौदलाला देऊ नका. तिथल्या केमारी बंदरावर भारतीय हवाई दलाची हंटर विमानंही गेली होती. 'विनाश' या ओसा बोटीचं क्षेपणास्त्र तिथं पडलं ते नंतर, ८ डिसेंबरच्या रात्री.

डोलकाठी:
बरोबर. दोन दलांचा मेळ बसला नाही की काय होतं, ते पलीकडे बघा. ६ डिसेंबरला टेहळणी विमानानं चुकीची ओळख दिली आणि पाकिस्तानी सेबर विमानांनी स्वतःचीच 'झुल्फिकार' फ्रिगेट भारतीय क्षेपणास्त्र बोट समजून झोडपली. ओसा जेमतेम ३९ मीटर, झुल्फिकार नव्वदच्या वर!