मदत हवी आहे: बुधवारीही घरून काम करण्यासाठी अर्ज कसा लिहावा?

नमस्कार,

मी हिंजवडी फेज ३ मधील एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करते आणि सिंहगड रस्त्याला राहते. आमच्याकडे मंगळवार, बुधवार व गुरुवार ऑफिसला येणे सक्तीचे आहे. सोमवारी आणि शुक्रवारी घरून काम करता येते. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या सासऱ्यांचे डायलिसिस सुरू झाले असून त्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी सकाळी सातची पाळी मिळाली आहे. मशीनवर चार तास, नंतर सुई काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरणे, पुन्हा वजन आणि रक्तदाब, असे सगळे होईपर्यंत साडेअकरा-पावणेबारा होतातच. यजमान त्यांना सकाळी केंद्रावर सोडून चाकणला कामावर जातात. आणण्याचे काम माझ्याकडे आहे. केंद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे घरून काम असलेल्या दिवशी तासाभराच्या सुट्टीत हे जमते. बुधवारी मात्र हिंजवडीहून मधल्या वेळेत जाऊन येणे अशक्य आहे, आणि सध्या ती जबाबदारी शेजारच्या काकांवर पडते आहे.

ऑफिसचा वार बदलून मागावा, तर सोमवार-शुक्रवारीही डायलिसिसच असते. पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी करून घेतली, तर एकाऐवजी दोन वार अडचणीत येतात. म्हणजे ऑफिसचा एक दिवस कमी होण्याला पर्याय उरत नाही.

मॅनेजरांशी तोंडी बोलले, तेव्हा "तुम्हाला दिले तर उद्या सगळे मागतील" असे उत्तर मिळाले. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीच्या रजेनंतर घरून काम करण्याची सोय आली, पण तीही कामाचे स्वरूप तसे असेल तर आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या अटींवर. माझ्या परिस्थितीला ती लागू होत नाही, म्हणून कायद्यावर बोट ठेवून मागण्याचा विचार मी सोडला आहे. अर्जात घरच्या आजारपणाविषयी किती लिहावे, आणि तो आधी मॅनेजरांकडे द्यावा की थेट एचआरकडे, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः टीम सांभाळतो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने सांगतो. तुमच्या मॅनेजरांना धास्ती आहे ती पायंड्याची, तेव्हा ती वाट अर्जातच बंद करा. "घरून कामाचे दिवस वाढवून मिळावेत" असे कुठेही लिहू नका. एकच वार, एकच कारण आणि ठरावीक मुदत लिहा. आजारपणाबद्दल एक वाक्य पुरे, सोबत केंद्राचे वेळापत्रक असलेले पत्र जोडा. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

"सासऱ्यांच्या डायलिसिसमुळे पुढील तीन महिने दर बुधवारी घरून काम करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. त्या दिवशी मी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी १ ते ६ या वेळेत उपलब्ध असेन आणि सायंकाळच्या क्लायंट कॉललाही नेहमीप्रमाणे हजर राहीन. रिलीजच्या आठवड्यात बुधवारी प्रत्यक्ष येण्याची गरज असल्यास आदल्या शुक्रवारपर्यंत कळवावे. मी घरी पर्यायी व्यवस्था करीन. तीन महिन्यांनी आपण कामाचा आढावा घेऊन पुढील निर्णय घ्यावा."

अर्ज मॅनेजरांनाच द्या. त्यांना वगळून एचआरकडे गेलात, तर एचआर तो त्यांच्याकडेच अभिप्रायासाठी पाठवणार, आणि मग तो अभिप्राय कसा येईल ते सांगायला नको. आणखी एक, केंद्राच्या बाकावर लॅपटॉप उघडून काम करीन असे चुकूनही लिहू नका. क्लायंटच्या डेटाचा प्रश्न निघाला की होणारे कामही अडते. तुमचे टेस्टिंग मोबाइलवर चालत असेल, तर ऑफिसमधले हँडसेट बुधवारी कोण हाताळणार, हे त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच लिहा.

प्रतिसाद २

मी इंग्लंडमध्ये नोकरी करते. इथे ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असा अर्ज करता येतो, बारा महिन्यांत दोनदा करता येतो, आणि दोघांनी संमतीने मुदत वाढवली नसेल तर मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. अर्थात हा हक्क मागण्याचा आहे. व्यवसायाचे कारण दाखवून नकारही मिळतो. आपल्याकडे असे बंधन नसले, तरी "निर्णय अमुक तारखेपर्यंत कळवावा" ही ओळ तुम्ही जरूर घाला, नाहीतर अर्ज "बघू" म्हणत पडून राहतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हँडसेटचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. दोन फोन ऑफिसच्या कपाटात असतात आणि ते बाहेर न्यायला गेटपास लागतो, म्हणून फोनवरच्या चाचण्या मंगळवारी आणि गुरुवारी घेऊन बुधवारी वेबच्या चाचण्या व अहवाल करीन, असे लिहिते. मुदत मात्र तीनऐवजी दोन महिन्यांची मागावी असे वाटते, कारण तिसऱ्या महिन्यात आमचे मोठे रिलीज आहे आणि आढावा नेमका त्या धामधुमीत यायला नको. यात काही तोटा दिसत असेल तर कृपया सांगावे. अर्ज सोमवारी पाठवणार आहे.