आधी आवाजाची पातळी जुळवा

"महागडा अ‍ॅम्प लावला की फरक लगेच कळतो, ज्याला कळत नाही त्याचे कान कच्चे" असं अ‍ॅम्पबद्दल (अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरला ताकद देणारं यंत्र) एकाने लिहिलंय, ते पटलं नाही. दोन अ‍ॅम्पमध्ये अर्धा-एक डेसिबलचा फरक असला तरी कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. म्हणून तुलनेआधी 100 हर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा. 1 व्होल्टला 10 मिलीव्होल्टच्या आत दोन्ही जुळले पाहिजेत. टोन कमी हर्ट्झचाच घ्या, साधे मीटर जास्त हर्ट्झला चुकतात. मग कोणता अ‍ॅम्प चालू आहे ते न सांगता दुसऱ्याला बदलायला लावा. 16 पैकी किमान 12 वेळा बरोबर ओळखलं तरच फरक खरा धरा, 9-10 तर नुसत्या अंदाजानेही येतात. आणि हे मे महिन्यात जळगावला कूलर चालू ठेवून करू नका, बारकावे त्याच्या घरघरीत बुडतात.

कानांचं म्हणाल तर चाळिशीनंतर 15-16 हजार हर्ट्झ बहुतेकांना ऐकू येत नाही, त्याने संगीताचं फार बिघडत नाही. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीत) वर्षानुवर्षं कानात बोळे न घालता काम केलेल्यांचं नुकसान वेगळं, ते आधी 4000 हर्ट्झच्या आसपास होतं. तिथे व्यंजनंच पुसट होतात, आणि ते कुठलाही अ‍ॅम्प भरून देत नाही. त्यांनी आधी ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढावा.