कॉमिकमधील पात्रांच्या झोपण्याच्या खोल्या दर प्रकरणात सारख्या कशा ठेवाव्यात?

शाईदौत, फोंडा
माझ्या कृष्णधवल कॉमिकमध्ये फोंड्यातील फ्लॅटमध्ये राहणारी नात आणि मडकईच्या जुन्या चिरेबंदी घरातील तिची आजी अशी दोन पात्रे असून, कथा बहुतांशी दोघींच्या झोपण्याच्या खोल्यांतच घडते. तीन प्रकरणे झाल्यावर लक्षात आले की आजीच्या खाटेच्या उजवीकडची खिडकी तिसऱ्या प्रकरणात डावीकडे गेली आहे. शिवाय चेहरा जवळून दाखवला की पात्र कोणाच्या खोलीत आहे हेच कळत नाही. खोली आधी कितपत आखून ठेवावी?

कोनाडा
प्रथम वरून पाहिल्यासारखा नकाशा काढावा आणि खिडकी कोणत्या दिशेची तेही त्यावर लिहावे. म्हणजे सकाळचे ऊन खाटेवर पडणार की भिंतीवर, हे दर पानाला नव्याने ठरवावे लागत नाही. मात्र तुमची दुसरी अडचण नकाशाने सुटणार नाही. खोली पूर्ण दिसते ती प्रसंगाच्या एखाद्या चौकटीत. बाकी चौकटींत दिसतो तो डोक्यामागचा हातभर तुकडा. म्हणून पात्र नेहमी कुठे बसते ते ठरवून, त्याच्या पाठीमागे काय येईल याची रचना आधी करावी: नातीच्या मागे ग्रिलचे उभे गज, आजीच्या मागे कोनाडा आणि पोपडे आलेला चुना. मी हे उलटे केले होते. कपाटातल्या पुस्तकांची नावेसुद्धा मन लावून काढली, आणि ते कपाट चाळीस पानांत दोनदा दिसले.

रेघोट्या
विन्सर मके यांच्या 1905 साली सुरू झालेल्या ‘लिटल नीमो’ या चित्रमालिकेत स्वप्न पानभर पसरते आणि शेवटच्या लहानशा चौकटीत मुलगा आपल्या पलंगावर, किंवा पलंगावरून खाली पडून, जागा होतो. तेवढ्या जागेत पलंग आणि अंथरूण एवढेच असले तरी वाचकाला पुरते. खिडकी बाजू का बदलते, याचे कारण बहुधा असे की दोघी बोलत असताना तुम्ही दोघींना जोडणारी काल्पनिक रेषा ओलांडून पलीकडून चित्र काढता. ओलांडायचीच असेल, तर मध्ये खोली पुन्हा पूर्ण दाखवणारी चौकट घ्यावी.

मांडवीकाठ
आजीच्या खोलीला शिंपल्यांची तावदाने द्या. आमच्या जुन्या घरात ती अजून आहेत: तळव्याहून लहान, पातळ चकत्या लाकडी पट्ट्यांत ओळीने बसवलेल्या. त्यांतून उजेड येतो, पण बाहेरचे दिसत नाही. त्यामुळे पावसाळ्यात खिडकी बंद असताना बाहेरचे दृश्य काढावे लागत नाही, आणि आतला प्रकाश दुधाळ असल्याने काळ्याभोर सावल्याही तिथे खोट्या वाटतात. नातीच्या काचेच्या खिडकीतून मात्र भिंतीवर गजांची धारदार सावली पडू द्यावी. तसेच मच्छरदाणी वर बांधलेली असली की दिवस आणि सोडलेली असली की रात्र, एवढी खूण पुरते. घड्याळ काढण्याची गरज नाही.

शाईदौत, फोंडा
आपणा सर्वांचा आभारी आहे. नकाशावरून पुठ्ठ्याची लहान खोली करून पाहिली, तेव्हा कळले की आजीचे दार खाटेला आपटते आणि अर्धेच उघडते. तीन प्रकरणे ती त्यातून ताट घेऊन सरळ आत येत होती. आता दार तसेच ठेवून तिला अंग चोरून आत यायला लावणार आहे.