मदत हवी आहे: बोटाला टोचले असल्यास ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) रजा कशी मिळते?

इंद्रायणीकाठ
माझे मोठे बंधू भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहेत. आज सकाळी दुरुस्तीचे काम करताना त्यांच्या डाव्या तर्जनीला काहीतरी टोचले. प्रथमोपचार खोलीत पट्टी बांधून धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि पुन्हा कामावर पाठवले. आता बोट सुजून ताठ झाले आहे, पण एवढ्याशा जखमेची अपघात म्हणून नोंद होत नसते, असे सुपरवायझर म्हणतात. रजेसाठी कोणता फॉर्म लागतो, एवढेच सांगावे. विषयांतर नको.

हिशेबनीस
अपघाताचा अहवाल मालकाने फॉर्म १२ मध्ये द्यायचा असतो. कामावरील इजेमुळे कामावर जाता येत नसेल, तर सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि त्यासाठी आधी अमुक दिवसांची वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. बंधूंचा पगार दरमहा २१,००० रुपयांच्या आत आहे का, आणि ते कायम आहेत की कंत्राटी?

सुरक्षित_हात
चांगल्या प्रतीचे कट-प्रतिबंधक मोजे घातले असते तर हा प्रसंगच आला नसता. आमच्याकडे मोज्यांशिवाय कोणालाही मशिनला हात लावू देत नाहीत.

जुना फिटर
मोज्यांचे राहू द्या. टोचले कशाने, तारेने, लोखंडी किसाने की आणखी कशाने? मशिन कोणते होते आणि ते चालू होते का?

इंद्रायणीकाठ
याचा रजेशी काय संबंध? हायड्रॉलिक प्रेसचा होज (तेलाची नळी) गळत होता आणि गळती नेमकी कोठे आहे, हे ते बोटाने चाचपत होते. पंप बंद केला की गळती दिसत नाही, म्हणून चालू ठेवला होता. रक्त जवळजवळ आलेच नाही. पगार १९,००० असून ते कंत्राटी आहेत.

तुळशीवृंदावन
मिठाच्या गरम पाण्याचा शेक द्यावा, सूज रात्रीतून उतरते.

परिचारिका_ओटी
कृपया शेक देऊ नये आणि रात्रभर थांबूही नये. ही टोचल्याची जखम नसून दाबाखालचे तेल बोटात शिरले आहे. त्वचा भेदायला सुमारे ७ बार दाब पुरतो, आणि अशा प्रेसच्या लाइनमध्ये सहसा त्याच्या कितीतरी पट दाब असतो. वरून टाचणीएवढे छिद्र दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण तेल स्नायुबंधाच्या आवरणातून तळव्यापर्यंत पसरते आणि काही तासांतच आतल्या ऊतींची हानी होऊ लागते. उशीर झाल्यास बोट कापावे लागण्याची शक्यता वाढते. हात उंच धरून, काहीही खाऊ-पिऊ न देता, हाताची शस्त्रक्रिया करणारे सर्जन असलेल्या रुग्णालयात आत्ताच न्यावे. तेथे 'टोचले' असे न सांगता 'हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेले' असेच सांगावे आणि तेलाच्या डब्यावरील नाव सोबत न्यावे.

जुना फिटर
ताईंचे अगदी बरोबर आहे. ग्रीस गनच्या बाबतीतही हेच होते. आणि सुरक्षित_हात, आपले मोजे सुरीसाठी उत्तम असतील, पण तेलाची धार त्यांतून सहज आरपार जाते. गळती पुठ्ठ्याने किंवा लाकडी पट्टीने शोधायची असते, आणि नळी सोडवण्यापूर्वी पंप बंद करून, कुलूप लावून, अॅक्युम्युलेटरमधील (दाब साठवणाऱ्या टाकीतील) दाबही सोडायचा असतो, कारण मोटर थांबली तरी तो तेथे साठून राहतो.

सुरक्षित_हात
मोज्यांमुळे निदान भाजण्यापासून तरी बचाव होतो. माझा मुद्दा कोणी समजूनच घेत नाही.

इंद्रायणीकाठ
रुग्णालयात आहोत. सर्जनांनी तपासून लगेच बोट उघडून स्वच्छ करण्यास घेतले आहे, तळव्याचे काय ते शस्त्रक्रियेनंतर सांगतील. परंतु कंत्राटदार म्हणतो की अपघात कंपनीच्या मशिनवर झाला, आणि कंपनी म्हणते की कामगार आमचा नाही. फॉर्म १२ भरणार कोण?

हिशेबनीस
कर्मचारी राज्य विम्याच्या नियमांनुसार कंत्राटी कामगाराची वर्गणी प्रथम भरण्याची जबाबदारी मुख्य मालकाची आहे, त्यामुळे कंपनीला हात झटकता येणार नाहीत. तसेच कारखान्यांतील सुरक्षेच्या कायद्याप्रमाणे, इजेमुळे ४८ तास किंवा अधिक काळ काम करता आले नाही, तर कारखान्याला निरीक्षकांना कळवावेच लागते. उद्या सकाळीच दोघांनाही लेखी पत्र द्यावे, त्यात मशिन, वेळ आणि साक्षीदार नमूद करावेत, आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये.